चव घ्यायला कुणी नव्हतं

माफी मागायला आलेल्या माणसाच्या हातात निदान चहाचा पेला तरी ठेवावा, तर शफीकाला तेवढंही करता येईना. येणाऱ्याचा रोजा, आणि हिचा ईस्टरआधीचा मोठा उपास. त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले होते. मग माफी मागणारा आणि माफ करणारी, दोघांनी कोरड्या तोंडानं समोरासमोर बसायचं आणि नाईल आटली तरी आपलं शेजारपण आटणार नाही, वगैरे बोलायचं.

सकाळी इस्त्रीवाला अबू सरीअ येऊन गेला. कपडे न्यायला नाही, बोलायला.

"उम्म वदीअ, तो शेख म्हणजे आम्ही नव्हे," छातीवर हात ठेवून तो म्हणाला. "तुम्ही आमच्या डोक्यावर."

"अरे बाबा, ठाऊक आहे मला."

"मनाला लावून घेऊ नका."

"नाही घेतलं."

"नाही कसं? चेहरा उतरलाय तुमचा."

"गुडघे दुखतात, अबू सरीअ. चेहरा त्यांनी उतरवलाय."

पण त्याचं समाधान होईना. त्याला तिचं दुःख बघायचं होतं, ते पुसायचं होतं आणि मग हलक्या मनानं इस्त्रीकडे जायचं होतं. भला माणूस, पण भल्या माणसांचाही कधीकधी जाच होतो. शेवटी शफीकानं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावलं, तेव्हा कुठे तो समाधानानं उठला.

वदीअ हा तिचा मुलगा, कुवेतला वायरमन. त्याची आई म्हणून गल्ली तिला उम्म वदीअ म्हणायची. नवरा हबीब साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली. ती स्वतः मुलींच्या शाळेत शिपाईण होती, आणि आता निवृत्त होऊन मिन्या शहरातल्या एका गल्लीत, दोन खोल्यांत, गुडघ्यांशी भांडत दिवस काढत होती. गल्लीत ख्रिस्ती घरं मोजकी, बाकी सगळी मुसलमानांची. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं, म्हणजे वाटायची वेळ लोकांनीच अधूनमधून आणली होती. कुणीतरी शेख कुठेतरी काहीतरी बोलायचा, नाहीतर कुणी पाद्री बोलायचा, आणि मग इकडे गल्लीत हिनं सगळ्यांची समजूत घालत फिरायचं. बोलणारा बोलून मोकळा, निस्तरणारी ही.

या खेपेला कैरोचा एक शेख टीव्हीवर बोलला होता. नाव घेण्यात अर्थ नाही, असले पुष्कळ असतात. आवाज मात्र गोड. रमजानच्या कार्यक्रमात कुणा बाईनं फोन करून विचारलं की शेजारीण ख्रिस्ती आहे, तिच्याशी कसं वागावं. तर हा म्हणाला, त्यांच्या सणाचं खाऊ नका, आपल्या सणाच्या ताटाला त्यांचा हात लागू देऊ नका. शेजारधर्म पाळा, पण जीव लावू नका.

शफीकाच्या भाच्यानं, रिफ्कीनं, ते फोनवर तिला तीनदा ऐकवलं. जणू काही पहिल्या दोनदा ती बहिरी होती.

"ऐकलंस ना मावशी? आता तरी डोळे उघड. यंदा समोरच्या घरी ईदची कहक करायला जायचं नाही."

"मला अजून बोलावलेलं नाही."

"बोलावलं तरी जायचं नाही. आपल्याला काही मान आहे की नाही?"

"तुला आहे तेवढा मला पुरतो. फोन बंद कर, डोकं दुखतंय."

चर्चमध्येही तोच विषय. पाद्री अबूना बिसान्तींनी प्रवचनात सहनशीलतेवर इतकं लांबलचक सांगितलं की मागच्या बाकांवर लोकांची सहनशीलता संपली. मग युवक केंद्रात एकोप्याची सभा झाली. गल्लीच्या मशिदीचे इमाम शेख दर्दीर आणि अबूना बिसान्ती यांनी एकमेकांना मिठी मारायची होती. दोघेही म्हातारे, दोघांची पाठ धरलेली, एकाच डॉक्टरकडे जाणारे. फोटोवाल्याला उजेड पसंत पडेना, म्हणून पुन्हा मारा, पुन्हा मारा. तिसऱ्या मिठीला शेख दर्दीर अबूनांच्या कानात पुटपुटले, "यापेक्षा भांडण परवडलं," आणि पहिल्या रांगेत मुद्दाम बसवलेल्या शफीकाला ते ऐकू गेलं. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच.

खरं म्हणजे ना तिला त्या शेखाचं पडलं होतं, ना सभेचं. तिचं सगळं लक्ष समोरच्या खिडकीकडे होतं.

समोर हाज्जा इन्शिराहचं घर. दोघी एकाच वर्षी या गल्लीत लग्न होऊन आल्या. शफीका नदीपलीकडच्या खेड्यातून, सतरा वर्षांची, घाबरट; इन्शिराह शहरातली, तोंडाळ. पहिल्या दिवशी इन्शिराहनं वरून धुण्याचं पाणी ओतलं ते नेमकं शफीकाच्या अंगावर. शफीकानं वर बघून जी शिवी दिली ती ऐकून इन्शिराह म्हणे धावत खाली आली, भांडायला नव्हे, ती शिवी नीट ऐकून शिकायला. तेव्हापासून दोघींचं जे जमलं ते शिव्यांवरच जमलं. "मेले", "आंधळे", "म्हशी" याशिवाय एकमेकींना हाक नाही. एकीच्या बाळंतपणात दुसरी रात्ररात्र बसली, हबीब गेला तेव्हा इन्शिराहनं चाळीस दिवस शफीकाची चूल पेटू दिली नाही, पण गोड शब्द म्हणून एकीनं दुसरीला कधी दिला नाही. त्याची गरजच पडली नाही.

आणि कहक. ईदच्या आधी घरोघर होते ती तुपातली, तिळाची, पिठीसाखर भुरभुरवलेली कहक. ती करण्यात इन्शिराहच्या सासूचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हातारीनं सुनेला शिकवून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हिच्या हाताला देवानं बोटं चुकून लावली," ती म्हणाली, आणि समोरच्या ख्रिस्ती पोरीला बोलावून घेतलं. तिच्या हातावर आपला हात ठेवून पिठात कढत तूप कसं चोळायचं, चिमट्यानं पानाची नक्षी कशी उठवायची, ते शिकवलं. म्हातारी गेली, आणि तिचा हात शफीकाकडे राहिला. शिवाय रमजानात गल्लीतल्या कुठल्याच बाईला पीठ चाखता यायचं नाही. म्हणून चाखायचं काम शफीकाचं. ती बोट तोंडात घालायची आणि सगळ्या परातींभोवतीच्या बाया श्वास धरून तिच्या तोंडाकडे बघायच्या. "साखर कमी," ती म्हणाली की साखर पडायची. एवढा मान तिला चर्चमध्येही कुणी दिला नव्हता.

दोन्ही उपास एकत्र यायची वेळ पूर्वी एकदा आली होती, दोघी तरुण असताना. कहकेत तूप, आणि शफीकाला तर त्या उपासात प्राण्याचं काही चालत नाही, दूध नाही की तूप नाही. तेव्हा इन्शिराहचा मुन्तसिर चार वर्षांचा होता. शफीकाच्या मांडीवर बसून तिच्या बोटावरचं पीठ चाटून तो सांगायचा, "गोड आहे, अजून दे." आता त्याला दाढी आली होती, सौदीत दहा वर्षं काढून तो परतला होता, आणि शफीका दिसली की जमिनीकडे बघत सलाम करून पुढे जायचा. वाईट वागत नव्हता. नुसता पुढे जायचा.

दरवर्षी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात खिडकी उघडून इन्शिराह ओरडायची, "शफीके, मेलीस की आहेस? ये, पीठ वाट बघतंय." त्या हाकेची शफीका वाट बघत होती. बस, एवढंच तिला हवं होतं. कुणी माफी मागायला नको, कुणी डोक्यावर घ्यायला नको. नेहमीसारखी हाक यावी, की तो शेख गेला खड्ड्यात.

हाक आली नाही. इन्शिराहची सून रिहाब आली, डोक्यावर नवा रुमाल बांधून, दारात अवघडून उभी.

"काकू, अम्मानं विचारलंय, तुम्हाला त्रास होणार नसेल तर दुपारी याल का?"

"तिला काय पाय मोडलेत?"

"नाही काकू, त्या म्हणाल्या नीट जाऊन बोलावून आण."

नीट. तरी ती गेली. न जाऊन काय करणार, घरात बसून रिफ्कीचं ऐकणार?

आतल्या चौकात परात मांडली होती. गल्लीतल्या बाया होत्या. शफीका नेहमी पिठाच्या रिकाम्या पोत्यावर फतकल मारायची. आज तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली, खुर्चीवर उशी.

"इथे बसा, उम्म वदीअ," इन्शिराह म्हणाली.

एवढ्या वर्षांत इन्शिराहच्या तोंडून ते नाव तिनं ऐकलं नव्हतं. बाया एकदम बोलायला लागल्या, मग एकदम गप्प झाल्या. एकीनं तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, दुसरीनं वदीअची, तिसरीनं पुन्हा गुडघ्यांची. रिहाबची बहीण शाळेत शिकवायची. तिनं फोन काढून शफीकाच्या हातांचे फोटो घेतले. "हे सगळ्यांना पाठवते काकू, म्हणजे त्या शेखाला कळेल." शफीका परातीवर वाकली तर खुर्चीमुळे हात पोचेनात. ती खाली उतरायला लागली तर चौघी धावल्या, नको नको, आम्ही परात वर धरतो. अशी काही आजारी माणसासारखी तिची सेवा चालली होती की जीव नकोसा झाला.

तूप कढलं, पिठावर ओतलं. शफीका चोळायला लागली. साखर कुठे असते ते तिला ठाऊक होतं, डाव्या हाताला, फडताळाच्या खालच्या कप्प्यात. तिथे रिहाबनं आता एकसारखे नवे डबे मांडले होते. नेहमीची वेळ असती तर ती ओरडली असती, "अगं यात साखर कोणती, का मी ज्योतिष बघू?" पण आज काही विचारलं की चौघी उठत होत्या. तिला कुणाला उठवायचं नव्हतं. तिनं डबा उचलला आणि मापानं टाकलं.

समोर इन्शिराह बसली होती, तिच्या हातांकडे बघत. तिनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"काय?" शफीका म्हणाली.

"काही नाही. देव तुमच्या हातांना बरकत देवो."

चाखायची वेळ आली तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बायांचे रोजे, शफीकाचा उपास. रिहाबची मुलं तिच्या माहेरी गेलेली. "असू दे, तुमच्या हाताला काय चाखायचं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शफीकाच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या, त्या चुरचुरत होत्या. कढत तुपानं असेल, असं तिला वाटलं. तिनं चिमट्यानं नगांवर पानं उठवली, नेहमीपेक्षा नीट उठवली, आणि संध्याकाळी ताटं बेकरीच्या भट्टीकडे गेली.

घरी येऊन हात धुताना भेगा पुन्हा झोंबल्या, आणि तिच्या लक्षात आलं. तुपानं असं झोंबत नाही. ती तशीच नळापाशी उभी राहिली. मीठ. माप भरून मीठ. लगेच जाऊन सांगावं असं वाटलं, पण इन्शिराह समोर बसून बघत होती की. ज्या बाईला तिची एक चूक कधी पचली नाही, जिनं एकदा जास्त तीळ पडले म्हणून गल्ली डोक्यावर घेतली होती, ती गप्प बसली असती? म्हणजे मीठ नसेलच. आपलंच डोकं ठिकाणावर नाही, असं म्हणून शफीका झोपली. म्हणजे आडवी झाली.

ईदच्या दिवशी सकाळी रिहाब ताटली घेऊन आली, वर भरतकामाचा रुमाल.

"ईद मुबारक, काकू. तुमच्याच हातची. सगळ्यांनी इतकी वाखाणली म्हणून सांगू."

ती गेल्यावर शफीकानं रुमाल काढला. उपास अजून महिनाभर होता, खायची नव्हती. पण बघायला काय लागतं. सगळे नग एकसारखे गोल, वर साच्याची फुलं. तिची पानं नव्हती. ही दुकानातली कहक होती, चौकातल्या हलवायाच्या डब्यातली.

ती पलंगावर बसून राहिली. आपली टाकून दिली, हे उघड होतं. मीठ पडलं म्हणून टाकली? की आपला हात लागला म्हणून? गेल्या वर्षी असं झालं असतं तर दुसरा विचार मनात शिरलाही नसता. मीठ म्हणजे मीठ. आता मात्र दोन्ही विचार शेजारी शेजारी बसले होते आणि कुठलाही एक उठायला तयार नव्हता. तो शेख बोलला त्याचं तिला दुःख झालं नव्हतं, कारण तो कोण कुठला. याचं झालं. खूप झालं. तिनं चपला घातल्या.

इन्शिराह दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, नवा झगा घालून. गल्लीत पोरं फुगे फोडत होती. मुन्तसिर नमाजानंतर मुलांना घेऊन सासुरवाडीला गेला होता.

"माझी कहक कुठाय?" शफीका समोर उभी राहून म्हणाली.

"दिली ना ताटलीत."

"ती हलवायाची. मला काय शेंबडं पोर समजतेस?"

इन्शिराह झग्याची बाही ओढत राहिली.

"मीठ पडलं होतं ना?"

"पडलं होतं."

"तू बघत होतीस."

"बघत होते."

शफीकाला एकदम हायसं वाटलं. ती बाकावर टेकली. "मग थोबाड का नाही उघडलंस, म्हशी? पीठ काय सोन्याचं होतं? दुसरं मळलं असतं. त्या शेखाच्या नावानं तू मला पाहुणी करून ठेवलीस. खुर्ची काय, उशी काय. माझ्यावर ओरडलीस तर लोक काय म्हणतील, हेच ना?"

इन्शिराहनं तिला हो म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि इन्शिराहला ते कळत होतं. पण या बाईला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि ते आठवडाभर बोलून ती दमली होती.

"नाही," ती म्हणाली. "ते नाही, शफीके. मुन्तसिर मला म्हणाला होता, अम्मा, यंदा तिला बोलावू नकोस. मी म्हटलं, बोलावणार, घर माझं आहे. तो म्हणाला, बोलाव, मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. पण मी खाणार नाही आणि पोरांनाही देणार नाही. ईदच्या सकाळी तू नेहमीसारखी इथे येऊन बसणार, आणि माझा मुलगा तुझ्यासमोर ताटली बाजूला सरकवणार. तुझ्या मांडीवर वाढलेला. माझ्या डोळ्याला डोळा लागेना. आणि मग तू तो डबा उचललास."

शफीका आपल्या बोटांवरच्या भेगा चाचपत राहिली.

"तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, अगं आंधळे, मीठ आहे ते. आणि मनात आलं, पडू दे. पडलं तर टाकून द्यायला कारण होईल. कुणी कुणाला काही विचारायला नको, कुणी काही सांगायला नको. कहक बिघडली, संपलं. मी तुझ्यासमोर बसून देवाचे आभार मानले, शफीके. त्या मिठाबद्दल."

शफीकाला राग यायला हवा होता. येऊन गेलाही असेल. पण रागालाही अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर लोकांना माफ करण्यात संपला होता. तिला एकदम त्या पोराचं चार वर्षांचं तोंड आठवलं, बोट चोखणारं, आणि रडू फुटलं. या खेपेला रुमालाचं टोक लावायची आठवणही राहिली नाही. इन्शिराह तिच्या बाजूला बसून राहिली. तिनं डोळे पुसले नाहीत, समजूत घातली नाही, तेवढं बरं केलं.

पलीकडून अबू सरीअ ईदच्या शुभेच्छा द्यायला येत होता. दोघींना बघून वळून गेला.

"म्हणजे पुढच्या वर्षी काय करू?" शफीका शेवटी म्हणाली. "मीठच टाकू?"

इन्शिराह गल्लीकडे बघत होती.

"टाक," ती म्हणाली. "पण ये."